अकरा फूट आणि चाटूगा नदीवरचे दोन दगड

तुमच्या बांधाला बांध लागलेल्या माणसाचं म्हणणं, त्याने मान हलवून 'हो, बरोबर' म्हणावं अशा शब्दांत तुम्हाला सांगता येईल का? त्याचं कुठे चुकतं ते मी विचारत नाही. त्याचं म्हणणं विचारते आहे.

मला येत नव्हतं. माझं गाव निपाणीजवळ, सीमाभागात. बाबांचा छोटा छापखाना होता आणि दोन राज्यांच्या वादाची आमच्या बाजूची पत्रकं तिथेच छापली जायची. अक्षरओळख व्हायच्या आधी मला पत्रकाची तीन घड्यांची घडी घालता येत होती. आठव्या वर्षी आपल्या बाजूचे सगळे मुद्दे पाठ होते, पलीकडच्या बाजूचा एकही नव्हता. तो असायला हवा असं कधी वाटलंही नाही. वाटलं ते या ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या एका डोंगरी नदीत गुडघाभर पाण्यात उभी असताना. हे वर्णन त्या महिन्याचं आहे. विमानाचं आणि विमानतळांचं काही सांगत नाही, ते सगळीकडे सारखंच असतं.

अल्फारेटा : कुंपण नसलेली घरं

नंदूकाका बाबांचे धाकटे भाऊ. पुण्यात शिकले, सॉफ्टवेअरच्या नोकरीने जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळच्या अल्फारेटात आले आणि तिथलेच झाले. मुली शिकून दुसऱ्या शहरांत गेल्या. घरात आता काका आणि शैलाकाकू.

पहिल्या सकाळी मी चहा घेऊन मागच्या लाकडी डेकवर उभी राहिले. चौदा घरांची गल्ली, शेवटी बंद. एकाही घराला कंपाउंड नाही. आमच्याकडे दोन घरांमध्ये हातभर जागा असली तरी तिथे भिंत येते आणि भिंतीवर काचा येतात. इथे एकाचं गवत संपून दुसऱ्याचं कुठे सुरू झालं ते कळत नाही. मी मनातल्या मनात अमेरिकेला पैकीच्या पैकी गुण दिले. तेवढ्यात काकूच्या भाजीच्या वाफ्यांमधून गेलेली लोखंडी खुंटांची रांग दिसली. प्रत्येक खुंटाला गुलाबी फीत बांधलेली.

"काकू, हे काय आहे?"

काकू भेंडी तोडत होती. तिने वर न बघताच सांगितलं, "ती बॉर्डर. तू येणार म्हटल्यावर तुझ्यासाठी मुद्दाम मागवली."

मग तिने सगळं सांगितलं. शेजारचं घर युसुफकाकांचं. ते मूळचे मलेशियाचे, विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, शहात्तर वर्षांचे. गल्लीतले मराठी लोक त्यांना काका म्हणतात आणि ते स्वतः, वयाने मोठे असूनही, माझ्या काकूला काकूच म्हणतात. पत्नी हलिमा चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा राशिद ॲरिझोनात चँडलरला चिप बनवण्याच्या कंपनीत आहे. त्याने ठरवलं की घर विकायचं आणि वडिलांना चँडलरला न्यायचं. विकण्याआधी जमीन मोजली, तर काकूच्या वाफ्यांची अकरा फूट रुंदीची पट्टी युसुफकाकांच्या हद्दीत निघाली.

"वीस वर्षं मी तिथे पिकवते आहे," काकू म्हणाली. "कोणाला माहीत होतं? त्यांनाही नव्हतं."

नंदूकाका वकिलाकडे गेले. इतकी वर्षं वापरात असलेल्या जमिनीवर हक्क सांगता येतो असं वकील म्हणाला आणि त्याने काकांच्या सहीचं रजिस्टर पत्र शेजारी पाठवलं. तेव्हापासून तीन आठवडे दोन्ही घरांत येणंजाणं बंद. उत्तर आलं नाही तर काका कोर्टात जाणार होते. कोर्टात गेले तर विक्री अडकणार होती, आणि न गेले तर नवा मालक येऊन वाफ्यांमधून कुंपण घालणार होता. शिवाय वीस वर्षं दार न वाजवता ये-जा करणारी दोन घरं एकमेकांचं तोंड न बघता दुरावणार होती. काकूला खरं दुःख याचं होतं. पण ते तिने सांगितलं नाही. तिने भेंडीची टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पूर्वी यातली अर्धी तिकडे जायची. आता रोज भेंडीच खा."

पत्रक

माझं रक्त तापलं, हे सांगायला नकोच. पट्टीची माती मी हातात घेऊन बघितली. जॉर्जियाची मूळ माती विटेसारखी लाल आणि चिकट. काकूच्या वाफ्यातली काळी, भुसभुशीत होती. वीस वर्षांचा चहाचा चोथा, केळ्यांची सालं, वाळलेली पानं तिने त्या लाल मातीत जिरवली होती. कसणाऱ्या बाईची जमीन एका नकाशाच्या जोरावर जाणार, आणि मी भेंडी खात बसणार?

सकाळी काका ऑफिसला गेले आणि मी त्यांच्या प्रिंटरवर पत्रक काढलं. इंग्रजीत, पण बाण्याने आमच्या छापखान्यातलं. वर मोठ्या अक्षरांत 'माती कोणी बनवली?' आणि खाली सात मुद्दे. तीन घड्या घातल्या आणि गल्लीतल्या सगळ्या घरांच्या पत्रपेट्यांमध्ये एकेक टाकलं. पेट्या रस्त्याच्या कडेला खांबांवर, कुलूप नसलेल्या. प्रचारासाठी इतका सोयीचा देश मी पाहिला नव्हता.

दुपारी टपाल वाटणारी बाई गठ्ठा घेऊन दारात आली. गंभीर पण शांत. म्हणाली, "ही पेटी फक्त तिकीट लावलेल्या टपालासाठी असते. दुसरं काही टाकणं कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही पाहुण्या दिसता म्हणून हातात परत देते आहे."

संध्याकाळी काकांनी तो गठ्ठा टेबलावर पाहिला. "मुक्ता, हे निपाणी नाहीये यार. इथे एचओए आहे, म्हणजे घरमालकांची कमिटी, लॉयर आहेत, प्रोसेस आहे."

"आणि पत्रं कोण वाटतं ते विचारून घ्यायचं असतं," काकू म्हणाली. तिचं हसू दाबलं जात नव्हतं.

मी गठ्ठा मोजला तर त्यात बाराच होती. काकांची पेटी मी सोडली होती, म्हणजे टाकली होती तेरा. तेरावं कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. युसुफकाका ते हातात धरून गवतावरून चालत आमच्या डेकपाशी आले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर काळी मखमली टोपी.

"लिहिलंय चांगलं," ते इंग्रजीत म्हणाले. "पण लिहिणारीला मला काय हवंय ते माहीत नाही."

काकूने खुर्ची पुढे केली. "बसा," ती म्हणाली. हा शब्द त्यांना मराठीत समजत होता. ते बसले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली.

मलय मुलुखातल्या दोन शेजारच्या संस्थानांत हद्दीचा वाद होता. संस्थानांची नावं देऊ नकोस असं त्यांनी मला बजावलंय, त्यांचे चुलत-मावस भाऊ अजून भांडतात म्हणे. राज्य इंग्रजांचं होतं. साहेब नदीच्या मुखाशी तंबू ठोकून बसला आणि त्याने दोन्ही राजांना निरोप धाडला, एकेक प्रतिनिधी नेमा आणि काय तो निकाल लावा. एका बाजूचा प्रतिनिधी युसुफकाकांचे पणजोबा. नकाशावर एका रेघेने काम झालं असतं, साहेबाला तेच हवं होतं. पण दोघा प्रतिनिधींनी तंबूत बसायला नकार दिला. ते एकाच होडीत बसून नदीतून वर गेले. जेवण एका भांड्यातून. आणि प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी होडी थांबवून याने त्याची बाजू मांडायची आणि त्याने याची. समोरचा 'हो, हेच आमचं म्हणणं' म्हणेपर्यंत होडी पुढे न्यायची नाही.

"एका ओढ्यापाशी चार दिवस गेले असं आमच्या घरात सांगतात," ते म्हणाले. "साहेबाच्या कागदात हे सापडणार नाही. घरातली गोष्ट आहे."

"मग तुमचा प्रतिनिधी कोण?" काकांनी विचारलं. आवाज अजून ताठ होता.

"आमच्याकडे आपला प्रतिनिधी आपण निवडत नाही, समोरचा निवडतो. तुमच्या घरातून मी हिला निवडतो." त्यांनी हातातल्या पत्रकाने माझ्याकडे खूण केली. "सगळ्यात मोठा आवाज हिचा आहे. हिला समजलं तर तुम्हा सगळ्यांना समजेल."

युसुफकाकांच्या घरातून कोणाला घ्यायचं ते काकूने सांगितलं. आयशा, युसुफकाकांची नात, राशिदची थोरली मुलगी. अटलांटात शाळेत शिक्षिका. "ती लहानपणी माझ्याच वाफ्यात खेळायची," काकू म्हणाली. "तिला काय सांगायचंय ते मला ऐकायचंय."

उत्तरेकडे : उकडलेल्या शेंगा

अल्फारेटात होडीने वर जाण्यासारखी नदी नाही. युसुफकाकांनी दुसरी शोधून ठेवली होती. उत्तरेला तीन तासांवर जॉर्जिया आणि उत्तर व दक्षिण अशा दोन्ही कॅरोलायना, ही तीन राज्यं डोंगरात एका ठिकाणी भेटतात आणि तिथून चाटूगा नदी वाहते. त्या हद्दीचाही वाद होता, म्हणाले, आणि तिथेही माणसं नेमली होती.

शनिवारी सकाळी आयशा गाडी घेऊन आली. सव्वीस वर्षांची, मोठे बूट, हसरी, पण माझ्याशी हसली नाही. मागच्या सीटवरून युसुफकाका म्हणाले, "आज वादाबद्दल नदीपाशीच बोलायचं. त्याआधी फक्त खाण्याबद्दल."

क्लेटन गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला पाटी दिसली, उकडलेल्या शेंगा. मी आयशाला गाडी थांबवायलाच लावली. एक म्हातारी मोठ्या पातेल्यातून वाफाळत्या शेंगा काढत होती. पाणी खारट, शेंग बोटाने दाबली की उघडणारी. सुगीत आमच्याकडे मडक्यात मीठ घालून उकडतात त्याच चवीची. मी म्हातारीला हे सांगितलं.

"तुमचं गाव कुठे, हनी?"

"भारतात."

"कुठल्या राज्यात?"

"त्याचाच वाद आहे," मी म्हणाले.

म्हातारीने ओल्या झाऱ्याने मागच्या डोंगराकडे खूण केली. "इथेही होता. आमचे जुने लोक सांगायचे, सकाळी एका राज्यात उठायचं आणि संध्याकाळी टॅक्सवाला दुसऱ्याच राज्याचा यायचा." युसुफकाका इतके हसले की त्यांना टोपी सांभाळावी लागली. आयशाही हसली आणि तिने पिशवी माझ्याकडे सरकवली.

चाटूगा

लोखंडी पुलापाशी युसुफकाका थांबले. त्यांच्या गुडघ्यांना पुढची वाट झेपणार नव्हती. घडीची खुर्ची, थर्मास आणि नदीचा आवाज. "साहेबासारखा मुखाशी बसतो," ते म्हणाले. "तुम्ही जा."

दोन तासांची पायवाट होती. वर मोठमोठे पाइन, खाली माणसापेक्षा उंच ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांची दाटी, आणि डावी-उजवीकडे कुठे ना कुठे नदी. आमच्या घाटातलं जंगल कीटकांनी सतत गुणगुणत असतं. इथली शांतता मोठी होती, मला सुरुवातीला जरा भीतीच वाटली. शेवटी आयशाने काठावरून खाली बोट केलं. हद्दीची खूण कोरलेला दगड तिथे आहे, पण तो नीट बघायचा तर पाण्यात उतरावं लागतं.

मी उतरले आणि तिसऱ्याच पावलाला घसरले. लागलं नाही, पण पाठीवरच्या पिशवीतल्या काकूच्या दशम्या आणि लसणाची चटणी चाटूगेने घेतली. उठून उभी राहिले तर समोर तो दगड होता. दोन राज्यांची आद्याक्षरं आणि सन, दोनशे वर्षांपूर्वीचा, खोल कोरलेला. आयशाने माहिती वाचून ठेवली होती. आधी जॉर्जियाने नेमलेला एक मोजणीदार आला आणि त्याने एका दगडावर खूण केली. दोन वर्षांनी दोन्ही कॅरोलायनांचे प्रतिनिधी आले आणि त्यांनी आपल्या मापाने काही पावलांवर ही दुसरी खूण कोरली. पहिली कोणी पुसली नाही. एका नजरेच्या टप्प्यात दोन्ही अजून आहेत.

"मांड," आयशा म्हणाली. ती काठावर बसली होती, मी पाण्यात. "आमचं म्हणणं मांड."

"तुमचं म्हणणं असं, की मोजणीप्रमाणे पट्टी तुमची आहे. घर विकताना ती गेली तर किंमत कमी होईल."

"नाही."

"तुमचं म्हणणं असं, की कागद हा कागद असतो, आणि आज सवलत दिली तर–"

"नाही. मुक्ता, तू पत्र वाचलंस का? वकिलाचं?"

मी वाचलं नव्हतं. काकांनी त्यातला मुद्दा सांगितला होता आणि त्यावर मी सात मुद्दे रचले होते. बाबा मजकुराची एकेक ओळ वाचल्याशिवाय कधी छापायला घेत नसत. त्यांच्या मुलीने न वाचलेल्या पत्रावर तेरा पत्रकं वाटली होती.

आयशाने बॅगेतून प्रत काढून वाकून मला दिली. दोनच पानं होती. दुसऱ्या पानावर हक्काची हद्द लिहिली होती, मागच्या कोपऱ्यापर्यंत, 'अंजिराच्या झाडासह'.

"ते झाड माझ्या आजीने लावलं," आयशा म्हणाली. "शेवटच्या उन्हाळ्यात तिला दुसरं काही जायचं नाही, तेव्हा तोक रोज सकाळी त्याची दोन अंजिरं सोलून तिला भरवायचे." तोक म्हणजे आजोबा. "वीस वर्षं न विचारता आमच्या स्वयंपाकघरात येणाऱ्या माणसाने तिचं झाड मागितलं, तेही सही घेऊन देतात त्या पत्राने."

पाणी फार थंड होतं. मी तिसऱ्यांदा मांडलं, सावकाश. "तुमचं म्हणणं असं, की प्रश्न जमिनीचा नाहीच. चार पावलं चालत येऊन विचारता आलं असतं. विचारलं नाही, आणि ज्या झाडाला हात लावायला नको होता त्यालाच लावला."

"हो," आयशा म्हणाली. "हेच आमचं म्हणणं."

मग तिची पाळी. पहिल्या वेळी ती म्हणाली की आम्हाला फुकटात जागा हवी आहे. मी नाही म्हटलं, जरा जोरातच. दुसऱ्या वेळी तिने आधी डोळे मिटले. "शैलाकाकूने ती माती बनवली आहे. जागा कुठेही मिळेल, पण तसली माती बनवायला अजून वीस वर्षं लागतील, आणि तेवढा दम आता आपल्यात नाही हे तिला माहीत आहे."

मी हो म्हणाले. माझ्या सात मुद्द्यांमध्ये हे नव्हतं.

दशम्या नदीत गेल्यामुळे खायला तिचा एकच डबा उरला. नारळाच्या दुधातला भात, वर तिखट मिरचीची चटणी, काकडी, शेंगदाणे आणि तळलेली बारीक सुकी मासळी, आमच्या सुकटीसारखी. "तोकांच्या पणजोबांचा एका भांड्याचा नियम पाळला गेला," आयशा म्हणाली आणि डब्याचा मासळीवाला कोपरा माझ्याकडे वळवला.

परत अल्फारेटा

रविवारी दुपारी सगळे डेकवर बसले. मी युसुफकाकांची बाजू मांडली. काकांना ऐकवताना माझा आवाज मोठा नव्हता, तरी ते खाली बघू लागले.

"झाडाचं मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "लॉयरने टाकलं असणार."

"सही कोणाची आहे?" काकूने विचारलं.

काका उठले, युसुफकाकांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. "ते पत्र मी पाठवायला नको होतं. यायला हवं होतं. सॉरी."

युसुफकाकांनी मान हलवली. मग आयशाने काकूची बाजू मांडली, मातीची, दम उरला नसल्याची. काकूने पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि पोह्यांच्या बशा गोळा करायला लागली. त्या अजून रिकाम्या झाल्या नव्हत्या.

"पणजोबांच्या निकालात एक कलम होतं," युसुफकाका म्हणाले. "हद्द कुठूनही जावो, झाडाचं फळ लावणाऱ्याच्या घराचं. पलीकडच्या राज्यातही फळं उतरवायला जायचे लोक, आणि कोणी अडवायचं नाही." ते अंजिराकडे वळले. "काकू, झाड हिसकावलं असतंत तर मी कोर्टात गेलो असतो. मागितलं असतंत तर त्याच दिवशी दिलं असतं. आता मी मागतो. पट्टी तुम्ही घ्या, आणि झाडही. नवा मालक ते तोडेल, तुम्ही तोडणार नाही. पण पहिली फळं दर उन्हाळ्यात आयशा उतरवेल. ते कागदावर लिहायचं."

चँडलरला फोन लावला. राशिद बराच वेळ ऐकत होता, मग वडिलांना म्हणाला, "अबा, बघायला येणारे सगळे फक्त किचन बघतात. तुम्हाला पटतंय ना? मग करा."

हद्दीचा नवा कागद दोन्ही घरांच्या सह्यांनी झाला आणि फळांचं कलम त्यात आहे. सही झाली त्या संध्याकाळी काकूने अंजिराच्या एका फांदीची साल कापली, ओली माती आणि शेवाळ बांधलं, वर प्लास्टिक गुंडाळलं. गुटी कलम. चँडलरच्या वाळवंटातही अंजीर होतं असं तिने कुठूनसं वाचलं होतं. मी निघाले त्या सकाळी भेंडीची अर्धी टोपली गवतावरून पलीकडे गेली. मला ती खावी लागली नाही याचाही आनंद होता.

घरी

परवा काकूने फोटो पाठवला. प्लास्टिकच्या आत पांढरी मुळं दिसताहेत. युसुफकाका नोव्हेंबरात निघतील तेव्हा कुंडी त्यांच्या मांडीवर असेल.

मी पत्रकं सोडलेली नाहीत. जिथे अन्याय दिसेल तिथे छापणार, वाटणार. पण परत आल्यावर मी आमच्या शेजारच्या मल्लाप्पाकाकांकडे गेले. ते कानडी, सीमेच्या वादात पलीकडच्या बाजूचे. माझ्या जन्मापासून ते आमच्या घरी सणाला जेवतात, आणि त्यांची बाजू मी कधी विचारली नव्हती. त्यांच्या ओट्यावर बसून ती मांडायचा प्रयत्न केला. ते दोनदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांच्या बायकोनेही आतून नाही म्हटलं. तिसरा मसुदा माझ्या टेबलावर आहे, अर्धा झालाय.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमचा ज्याच्याशी वाद आहे, बांधाचा, जिन्याचा, भिंतीचा, भाषेचा, त्याचं म्हणणं या आठवड्यात एका कागदावर लिहा. तो 'हो, हेच माझं म्हणणं' म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहा. आणि कागद त्याच्या पेटीत टाकू नका. चालत जा आणि त्याच्या हातात द्या.